झाडीपट्टीत नट म्हणून उभं राहायचं तर

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा पट्टा म्हणजे आमची झाडीपट्टी. दिवाळीत भाऊबीजेच्या सुमारास मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, धान कापून बांध्या, म्हणजे धानाची वावरं, मोकळ्या होतात आणि त्याच बांध्यांत मंडप उभे राहतात. तिथून होळीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात नाटक असतंच. पडदा उघडायला रात्रीचे दहा तरी वाजतात आणि नाटक संपतं तेव्हा पहाट झालेली असते. पाहुणे-सोयरे गावात आलेले असतात, पोरी माहेरी आलेल्या असतात, आणि घरात गर्दी मावत नसली तरी नाटकाला सगळे जातात. या माणसांसमोर मी पोटापाण्यासाठी नट म्हणून उभा राहतो. या कामात येऊ पाहणाऱ्यांना नेमकं काय काय करावं लागतं ते सहसा कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

बहुतेक नाट्यमंडळांची कार्यालयं वडशाला, म्हणजे देसाईगंजला आहेत. पोळा झाला की तिथे वर्दळ वाढते. गावचं मंडळ येतं, नाटक निवडतं, तारीख धरतं आणि बयाणा देऊन जातं. खेळ ठेक्याने विकत घ्यायचा आणि तिकिटाचा पैसा गावच्या मंडळाने ठेवायचा, असा हा व्यवहार. मंडळाची माणसं नाटकाच्या नावानंतर लगेच विचारतात, ‘कलाकार कोण?’ म्हणून हंगामाच्या आधी नटाला धरून ठेवायची घाई सगळ्यांनाच असते. नटाचा हिशेब रात्रीवर चालतो. अमुक नाटक, अमुक भूमिका, रात्रीला इतकं मानधन. हो म्हणण्याआधी चार गोष्टी तोंडावर विचारून घ्याव्यात: भूमिकेत गाणी किती, गाडी कुठून निघणार आणि परतीचं कोण बघणार, अवकाळी पावसाने खेळ मोडला तर पैशाचं काय, आणि तीच तारीख दुसऱ्या गावाला दिली तर आपल्याला किती दिवस आधी कळणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मंडई आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, तारखा एकमेकींवर चढतात, एकाच रात्री तोच नट दोन गावांना हवा असतो, आणि मग भांडण मंडळाशी होण्याऐवजी नटाच्या नावावर डाग लागतो. तारखांची वही नटाने स्वतः ठेवावी. फोनमध्ये लिहिलं तरी कागदावर लिहावंच, कारण आतल्या गावांत रेंज नसते आणि गाडीत बसल्यावर बॅटरी उतरलेली असते.

शंकरपटाचं सांगायचं तर, मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, तेव्हा पटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांना दुसरं निमित्त शोधावं लागलं. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. दिवसा पट आणि रात्री नाटक, ही जोडी लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे. पटाच्या गावात मात्र प्रेक्षक दिवसभर उन्हात उभा राहून थकलेला येतो. तिथे पहिला अंक उडता ठेवावा लागतो, नाहीतर बाराच्या आत माना पडायला लागतात.

आता नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेच्या वाक्यांची प्रत. संहितेची झेरॉक्स हातात पडते तेव्हा त्यावरच पेनाने खुणा करून भागवायचा मोह होतो. तसं करू नये. आपली नक्कल आपल्या हाताने, शंभर पानी वहीत, एका बाजूला कोरी जागा सोडून लिहावी. आपल्या प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द लाल शाईने. तेवढेच, अख्खं वाक्य लिहिलं तर डोळा त्यातच अडकतो. कोऱ्या जागेत येणं-जाणं कुठल्या बाजूने, हातात काय हवं, कपडे कुठले, आणि गाणं कुठल्या शब्दावर सुरू होतं ते. तीन अंकी नाटकात मोठ्या भूमिकेची नक्कल वहीची पन्नास-साठ पानं सहज खाते. लिहिताना अर्धं पाठ होतं. उरलेलं अर्धं प्रयोगातच बसतं, हे इथलं वास्तव आहे.

कारण तालीम थोडी होते. एका नाटकाच्या दोन-तीन बैठका मिळाल्या तर बरं म्हणायचं. त्यात वाक्यं म्हणत बसण्यात वेळ घालवू नये. आधी येणं-जाणं पक्कं करावं, मग गाण्यांच्या पट्ट्या, मग मारामारी. ऑर्गनवाल्याला आपली पट्टी स्वतः सांगावी आणि घरी जी सहज लागते तिच्यापेक्षा अर्धा सूर खालची सांगावी. घरी काळी दोनमध्ये गाणारा असेल तर पांढरी दोन. रात्री दोन वाजता, थंडीत, चार तास बोलून झाल्यावर गळा तेवढाच उरतो. तिसऱ्या अंकातलं गाणं चढ्या पट्टीत ठेवलं की तार सप्तकात आवाज फाटतो आणि त्या एका सुरावर अख्खी रात्र वाया जाते. ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड समोरच वाजत असतात, गाणं कुणीतरी मागून लावलेलं नसतं. त्यामुळे वाजवणाऱ्यांशी नजर जुळलेली हवी. ‘वन्समोअर’ आला तर कुठल्या ओळीपासून परत घ्यायचं हेही आधी ठरवून ठेवावं.

मारामारीत थापड मारताना हात गालाच्या समोरून जातो आणि आवाज मार खाणाऱ्याने स्वतःच्या तळहातांचा काढायचा असतो, छातीजवळ, प्रेक्षकाला पाठ करून. हे दोघांच्या अंगवळणी पडायला वीसेक वेळा करावं लागतं. न करता मंचावर गेलं की खरी थापड बसते.

तालीम कमी म्हणून प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून वाक्यं सांगणारा, मोठा. झाडीपट्टीचं नाटक त्याच्या खांद्यावर चालतं आणि त्याचं नाव पत्रिकेत कुठेतरी खाली बारीक अक्षरात असतं, याचं मला वाईट वाटतं. प्रॉम्प्टर अख्खं वाक्य देत नाही, पहिले तीन-चार शब्द देतो. आपण चालू वाक्याचा शेवट बोलत असतानाच पुढच्या वाक्याची सुरुवात कानावर घ्यायची. तोंड एका वाक्यात आणि कान पुढच्या वाक्यात, ही सवय अंगी आली की माणूस झाडीपट्टीचा नट झाला समजावं. ती घरी करता येते. कुणाला तरी शेजारी बसवून वर्तमानपत्राची एकेक ओळ हळू वाचायला लावायची आणि आपण एक ओळ मागे राहून ती मोठ्याने, भाव घालून म्हणायची. पहिल्या आठवड्यात जीभ अडखळते, मग जमतं.

चुका ठरलेल्या असतात. नवा नट शब्द ऐकायला मान विंगेकडे वळवतो आणि मागच्या खुर्चीवरल्या माणसालाही कळतं. मान वळवायची नाही, विंगेच्या दिशेने एक पाऊल सरकायचं, तेही एखाद्या भावावर, जणू समोरच्याला टाळतो आहे. लांब भाषण असेल तर ते मंचाच्या अगदी पुढे, मध्यावर जाऊन सुरू करू नये. तिथे विंगेतला आवाज पोचत नाही. आणि शब्द आला नाही तर गप्प उभं राहण्यापेक्षा समोरच्याचं नाव घ्यावं. नाटकातलं नाव. एवढ्याने प्रॉम्प्टरला कळतं आणि दोन श्वासांची सवड मिळते.

दुसरी अडचण मायकाची. मंचावर वरून तीन-चार माईक लोंबत असतात. बरोबर त्याच्या खाली उभं राहून ओरडलं की आवाज फुटतो, आणि दोन माइकांच्या मधल्या जागेत बोललं की शब्द विरून जातात. माईकपासून हातभर मागे, तोंड थोडं वर. खलनायकाचं काम करणाऱ्यांनी हे फार सांभाळावं, कारण त्यांचं हसणं मोठं असतं. आणि प्रॉम्प्टरच्या जवळच्या विंगेला लागून माईक टांगला असेल तर नाटकाआधी साउंडवाल्याला सांगून तो फूटभर आत घ्यायला लावावा, नाहीतर प्रेक्षकाला सगळी वाक्यं दोनदा ऐकू येतात.

गावात पोचलं की मेकअपला बसण्याआधी मंच चालून पाहावा, चपला काढून. मंच फळ्यांचा असतो, वर सतरंजी किंवा हिरवी चटई. खाली कुठे फट आहे, कुठे खिळा वर आला आहे, कुठली फळी दबते, ते पायाला कळतं. मला पडून मरायचा प्रवेश असेल तर पडायची जागा मी तेव्हाच ठरवतो. पुढची कड मध्यरात्रीनंतर दहिवराने ओली होते आणि चटईवर पाय सरकतो. नाचणाऱ्या बाईला हे न विसरता सांगावं. काही गावांत प्रेक्षकांसाठी जमीन खोदून उतार केलेला असतो, त्यामुळे मागच्यालाही दिसतं. तिथे नजर थोडी वर ठेवावी लागते. सपाट बांधीत पुढे गादी आणि जमिनीवर बसलेले, मागे खुर्च्या. तिथे नजर मध्यावर.

हंगामाच्या सुरुवातीला धान अजून आसपास उभं असतं आणि दिव्यांवर तुडतुडे येतात. ढगांसारखे येतात. हॅलोजनच्या खाली तोंड उघडलं की आत जातात, आणि नेमकं गाताना जातात. यावर उपाय एवढाच की गाताना दिव्याच्या थेट झोतातून अर्धं पाऊल बाजूला व्हायचं, श्वास नाकाने घ्यायचा आणि गेलाच तर गिळून टाकायचं, खोकायचं नाही. पुसात थंडी पडली की हा त्रास जातो आणि दुसरा येतो. गडचिरोली-गोंदियाकडे तेव्हा रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि नायकाच्या अंगात पातळ रेशमी सदरा असतो. सदऱ्याखाली चापून बसणारं गरम बनियन घालावं, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. विंगेत शाल. मंचावरून आत आल्या आल्या पांघरावी, कारण घाम थंड झाला की आवाज बसतो.

थंडीत चेहऱ्यावर पॅनकेक, म्हणजे मेकअपचा रंग, तडकतो. आधी कोल्ड क्रीमचा पातळ हात फिरवावा, दोन मिनिटांनी कापडाने टिपून काढावा आणि मग ओल्या स्पंजने पॅनकेक लावावा. क्रीम टिपलं नाही तर रंग घसरतो. आता पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले आहेत. त्यांच्या उजेडात जुन्या सवयीचा फिका रंग आजाऱ्यासारखा दिसतो, म्हणून एक छटा गडद घ्यावी आणि गालाला थोडी लाली द्यावी, पुरुषांनीसुद्धा. दाढी-मिशी लावण्याआधी ती जागा साबणाने धुऊन कोरडी करावी. स्पिरिट गम लावून तो बोटाला चिकट लागेपर्यंत थांबावं आणि मग मिशी ठेवून ओल्या फडक्याने दाबून धरावी. ओल्या गमवर घाईने ठेवलेली मिशी तिसऱ्या अंकापर्यंत ओठांच्या कोपऱ्यांतून सुटते. श्वासाची वाफ तिथेच लागते. काढताना ओढू नये, खोबरेल तेल लावून सोडवावी.

जेवणाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाव प्रेमाने रांधतं आणि आग्रह करतं. मंडईच्या दिवसांत कोंबडा असतो, रस्सा झणझणीत असतो. नटाने सातच्या आत वरण-भात आणि वांग्याची भाजी खावी, पोटाला तड लागू देऊ नये, आणि बाकीचं उद्या दुपारी. तिखट-तेलकट खाऊन गायला उभं राहिलं की आंबट पाणी घशाशी येतं. विंगेत कोमट पाण्याचा थर्मास आणि ज्येष्ठमधाची कांडी ठेवावी. रात्री जागायला म्हणून दारू घेणारे असतात. त्यांचा प्रॉम्प्टिंग ऐकणारा कान आधी जातो, पाय नंतर.

नाटक वेळेवर सुरू होत नाही. उद्घाटन, सत्कार, भाषणं यांत तास-दीड तास जातो आणि पाच तासांचं नाटक चार तासांत बसवायची वेळ येते. मग दिग्दर्शक विंगेतून सांगतो, दुसऱ्या अंकातला अमुक प्रवेश काढा. काढलेल्या प्रवेशात एखादी चिठ्ठी सापडत असते, एखादी शपथ घातलेली असते, आणि शेवटी त्याच चिठ्ठीवर सगळं उलगडतं. म्हणून नटाने आपल्या नक्कलेत असे प्रवेश आधीच चौकोन करून ठेवावेत. ते निघाले तर त्यातली माहिती पुढच्या प्रवेशात दोन वाक्यांत आपणच पेरायची. विनोदी जोडीचे प्रवेश सहसा कापले जात नाहीत, आणि ते बरोबरच आहे. करुण प्रवेशानंतर विनोद आला नाही तर लोक तीन वाजेपर्यंत बसू शकत नाहीत.

बक्षिसांचं वेगळं तंत्र आहे. गाण्यावर, लावणीवर, एखाद्या संवादावर माणूस खूश होऊन पैसे पाठवतो आणि माईकवरून त्याचं नाव पुकारलं जातं. गाणं संपल्यावर घेतलं तर कुणाचं काही जात नाही. पात्राच्या चालीनेच पुढे जायचं, नमस्कार करायचा, परत जागेवर यायचं. पण बाप मेलेला असताना घोषणा होते तेव्हा काय करायचं? मी हलत नाही. मान खाली, डोळे मिटलेले, घोषणा संपेपर्यंत तसाच. पैसे विंगेत द्यायला मंडळाच्या माणसाला आधीच सांगून ठेवलेलं असतं. बहुतेक मंडळं हे ऐकतात, फक्त त्यांना नाटकाआधी सांगावं लागतं.

कलावंत बायांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पूर्वी इथे पुरुषच स्त्रीभूमिका करत. नंतर नागपूरकडून अभिनेत्री येऊ लागल्या आणि आता झाडीच्या गावांतल्या पोरीही उभ्या राहतात. नाटकाचा गल्ला बऱ्याच अंशी त्यांच्या नावावर जमतो. तरी कपडे बदलायला त्यांना ताडपत्रीचा आडोसा मिळतो, मागून चार पोरं डोकावत असतात. बंद खोली, कडी असलेलं दार, जवळ संडास आणि परतीच्या गाडीत ओळखीची सोबत, एवढं बोलणीतच मागून घ्यावं. पुरुष नटांनीही ते त्यांच्या बाजूने मागावं. लावणी घुसडली की तिकीट जातं, म्हणून कथेत जागा नसताना नाच टाकतात. त्यात ती बाई दोष नसताना बदनाम होते आणि नाटकही पातळ होतं.

या सगळ्यात अभिनय शिकायचा कुठे? आमच्याकडे तो इथल्या लोककलांत आहे: दंडारीत आहे, खडीगंमतीत आहे, राधेच्या नाचात आहे. दंडारीत माणूस गोल उभ्या लोकांमध्ये, मायकाशिवाय, ढोलकीवर पल्ला गाठतो, म्हणून पाठीमागच्यालाही समोरच्यासारखं सांगायची सवय तिथे लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची मंडळं गावोगाव आहेत. त्यात बसणाऱ्या पोराचा आवाज पोटातून निघतो आणि शब्द तुटत नाहीत. आमच्या पिढीवर डॉ. परशुराम खुणे यांच्यासारख्या कलावंतांचा ठसा आहे. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीतल्या प्रत्येक नटाला ती आपल्या घरात आल्यासारखी वाटली. नव्या पोरांनी मोबाइलवर सिनेमाच्या नटांच्या लकबी गिरवण्यापेक्षा गावातल्या दंडारीच्या म्हाताऱ्या खेळ्याकडे महिनाभर जावं, असं माझं ठाम मत आहे. कॅमेऱ्याच्या अभिनयात डोळा बोलतो. आमच्या बांधीत शेवटच्या खुर्चीपर्यंत डोळा पोचत नाही, खांदा पोचतो, पावलाचा ठेका पोचतो.

महत्त्वाकांक्षा विचारली की लोकांना वाटतं, मुंबई म्हणणार. मला इथेच राहायचं आहे, पण दोन गोष्टी बदललेल्या बघायच्या आहेत.

पहिली भाषेची. आमच्या नाटकात नायक, बाप, पाटील सगळे पुस्तकी मराठी बोलतात आणि झाडीबोली, म्हणजे आमच्या घरातली बोली, फक्त विनोदी नटाच्या तोंडी. ‘डोळा’ला ‘डोरा’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारा माणूस मंचावर आला की लोक आधीच हसायला तयार होतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातलं. मंचावर मात्र ती अजून गंमतीपुरतीच आहे. समोर बसलेला बाप घरी याच बोलीत रडतो, रागावतो, मुलीला सासरी पाठवतो. ते रडणं त्याच बोलीत करून दाखवायचं तर अवघड आहे, कारण पहिल्या दोन-तीन वाक्यांवर हशा येणारच. तो येऊ द्यावा लागेल, न घाबरता थांबावं लागेल, आणि चौथ्या वाक्याला आवाज खाली आणावा लागेल.

दुसरी तालमीची. तालीम कमी होते ती आळसामुळे नाही. एक नट चार नाटकांत अडकलेला असतो, प्रत्येकाची तारीख वेगळी, सगळे एका जागी येतच नाहीत. संच पक्का ठेवून एकच नाटक हंगामभर खेळवलं आणि दसऱ्याआधी आठ दिवस त्याच्या तालमीला दिले, तर खर्च तेवढा वाढतो: आठ दिवसांचं जेवण, एक खोली, वाजवणाऱ्यांची बिदागी. नट आठ रात्रींचं अर्धं मानधन घ्यायला तयार झाले तर निर्मात्यालाही परवडतं. बाप झाडीबोलीत बोलेल अशी संहिता आम्ही काही जणांनी यंदा वाचायला काढली आहे. धानाची रोवणी आटोपली की पहिली बैठक बसवायची, पोळ्यापर्यंत सगळ्यांच्या नकला लिहून व्हायला हव्यात, आणि मंडळं बुकिंगला यायच्या आत गाण्यांच्या पट्ट्या ठरायला हव्यात. ऑर्गनवाला मिळाला आहे. आईच्या भूमिकेसाठी बोली घरात बोलणारी अभिनेत्री शोधतो आहोत.